मागची रांग

तळघर रिकामं करायचं ठरलं त्या दिवसापासून मॉरिसेट बुव्रो धास्तावली होती, आणि तिचा नवरा आन्सेल्म मात्र घरात लग्न निघाल्यासारखा मिरवत होता. जिने चढवत नाहीत म्हणून दोघं गाव सोडून दिजाँला, लेकीच्या, सोलांजच्या, शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली होती. फ्लॅटला लिफ्ट होती, बाल्कनी होती, तळघर तेवढं नव्हतं. तेव्हा आन्सेल्मने जन्मभर राखलेल्या जुन्या वाईन विकायचं ठरलं, आणि त्या बघायला बोन शहरातून वाईनची एक व्यापारीण आज येणार होती.

"आज कळेल सगळ्यांना, बुव्रोच्या तळघरात काय आहे ते," आन्सेल्म टायची गाठ आवळत पुन्हा एकदा म्हणाला.

"हो, आज कळेलच," मॉरिसेट म्हणाली आणि तिने चीज घातलेल्या गूझेरचा ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

काय कळणार होतं ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. तळघरात पहिल्या रांगेच्या मागे ज्या बाटल्या आडव्या पडल्या होत्या त्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या होत्या. आणि त्या तिनेच रिकाम्या केल्या होत्या.

आन्सेल्म गुरांचा डॉक्टर. तो नवा नवा या भागात आला तेव्हा द्राक्षमळ्यांत अजून काही ठिकाणी घोडे नांगर ओढत होते. व्होल्ने गावच्या कुणाची घोडी मरता मरता वाचवली, पोमार गावच्या कुणाची अडलेली गाय सोडवली, की तो मळेवाला फी तर द्यायचाच, पण आठवड्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन दारात उभा राहायचा. विकायची नव्हे, घरच्यांसाठी ठेवलेली. घोडे गेले, ट्रॅक्टर आले, डॉक्टर कुत्र्यामांजरांना सुया टोचू लागला, तरी बाटल्या येतच राहिल्या. आन्सेल्म त्या तळघरात दगडी कप्प्यांत एकीमागे एक अशा रांगांनी लावायचा. मग मेणबत्ती घेऊन पहिल्या रांगेसमोर उभा राहायचा, डोळे भरून बघायचा आणि वर यायचा. हात लावायचा नाही. झोपलेल्या वाईनला हलवायचं नसतं, हे इथल्या प्रत्येक माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान, पण आन्सेल्मने त्याचा धर्मच करून टाकला होता.

उघडायची कधी, असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "अजून नाही." लेकीच्या बारशाला अजून नाही. तिच्या लग्नात व्याह्यांनी स्वतःहून विषय काढला, तरी अजून नाही. व्याही त्या दिवशी बाजारातली वाईन प्यायले आणि ते त्यांनी आजतागायत मनात ठेवलं आहे.

मॉरिसेटचा पहिला हात पडला तो निरुपायाने. एका रविवारी पाहुणे आगाऊ न कळवता आले आणि घरातली रोजची, गावच्या सहकारी सोसायटीची वाईन संपलेली. ती खाली गेली, मागच्या रांगेतली एक बाटली काढली, गाळ तळाशीच राहील अशा बेताने हळूहळू काचेच्या सुरईत ओतली आणि सुरई टेबलावर ठेवली. आन्सेल्मने एक घोट घेतला. तो म्हणाला, "वा! सोसायटीने यंदा कमाल केली."

ती खरं सांगणारच होती. पण तेवढ्यात त्याने पाहुण्यांना वाईन कशी ओळखावी यावर व्याख्यान सुरू केलं. स्वतःच्या नाकाचा त्याला भारी अभिमान होता, आणि चारचौघांत ते नाक कापणं तिच्या जिवावर आलं. पुढच्या रविवारी मात्र ती आपण होऊन खाली गेली. मग दर रविवारी गेली. रिकाम्या बाटल्या धुवायच्या, बूच परत बसवायचं आणि होत्या तिथे ठेवायच्या, म्हणजे वरची चळत ढासळणार नाही.

व्यापारीण, एस्तेल गारो, आली ती छोटी व्हॅन घेऊन. तिशीतली, पायात जाड बूट, गळ्यात दोरीला बांधलेला दिवा. या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे भावाची गोष्ट निघण्याआधी विकणाऱ्याने एक बाटली उघडायची असते. आन्सेल्मने पहिल्या रांगेतली सगळ्यात जुनी, एकोणसाठ सालची पोमार, आदल्या दिवशीच मॉरिसेटकडून वर आणवून उभी करून ठेवली होती. त्याने जपून बूच काढलं. जन्मात पहिल्यांदाच तो स्वतःची वाईन चाखणार होता, निदान त्याची तशी समजूत होती.

वाईन पेल्यात आली ती गढूळ चहाच्या रंगाची. वास आंबूस. एस्तेलने तोंडात घेतली, बेसिनपाशी जाऊन थुंकली आणि एक गूझेर उचललं.

"गूझेर फार सुंदर झालेत, मादाम," ती म्हणाली.

"आणि वाईन?" आन्सेल्मने विचारलं.

"डॉक्टर, हिला वीसएक वर्षांपूर्वी उघडायला हवं होतं. मेलीये ती."

"जरा हवा लागू द्या. जुनी आहे, जागी व्हायला वेळ लागतो."

"झोपलेली जागी होते, डॉक्टर. मेलेली नाही होत."

आन्सेल्मचा चेहरा पडला. मॉरिसेटला त्याची इतकी दया आली की तिने त्याच्या ताटलीत सगळ्यात फुगलेलं गूझेर ठेवलं. त्याने ते खाल्लं नाही. "एखादी जायचीच," तो काठी शोधत म्हणाला. "बाकीच्या बघा ना. खरा माल मागे आहे."

गुडघ्यांपायी तो कित्येक वर्षं खाली उतरला नव्हता. आज एका बाजूला मॉरिसेट, एका बाजूला काठी, असा पायरी पायरी उतरला. खाली आल्यावर ओल्या दगडाचा वास नाकात गेला आणि त्याची छाती पुन्हा फुगली. एस्तेल पहिल्या रांगेतली एकेक बाटली उचलून मानेशी दिवा धरत होती, वाईन कुठवर उतरली आहे ते बघत होती. ही गेली, ही गेली, ही चालेल, अरे ही तर छान आहे. मग तिने मागच्या रांगेत हात घातला.

एस्तेलने बाटली उचलली आणि तिचा हात नको तितका वर गेला. बाटली हलकी होती. दिव्याचा उजेड काचेतून आरपार जाऊन आन्सेल्मच्या टायवर पडला.

"डॉक्टर, ही रिकामी आहे."

"बूच गळलं असेल."

"बूच गळलं तर वाईन जाते. बाटली विसळून नाही ठेवत."

तिने दुसरी काढली. रिकामी. तिसरी, तीही तशीच. आन्सेल्म आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"लुसियाँ!" तो ओरडला. "आपण लेकीकडे जायचो तेव्हा किल्ली त्याच्याकडेच असायची! पत्ते खेळताना तोंड बघा कसं गरीब गाईसारखं करतो! फोन कुठाय? आत्ताच्या आत्ता पोलिसांना बोलावतो!"

लुसियाँ शेजारचा. बिचारा पोटाच्या दुखण्यामुळे गेली कित्येक वर्षं नुसतं पाणी पीत होता. आता गप्प राहिलं तर आपल्यापायी त्याच्या दारात पोलीस उभे राहतील, हे मॉरिसेटला दिसलं.

"लुसियाँला कशाला ओढतोस मध्ये?" ती म्हणाली. "मी काढल्या."

"तू?" आन्सेल्मने विचारलं. "तू... विकल्यास?"

"विकते कशाला! प्यायल्या."

"एकटीने?"

"एकटी कशाला पिऊ, मी काय बेवडी आहे? तू प्यायलास माझ्याबरोबर. जास्त तूच प्यायलास."

"मी? मी या मागच्या रांगेतला एक थेंबसुद्धा..."

"दर रविवारी. सुरईतून."

"ती सोसायटीची होती!"

"सोसायटीची मी रश्श्यात घालायचे."

एस्तेलने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. आन्सेल्म जवळच्या उपड्या खोक्यावर मटकन बसला.

"मी त्या सोसायटीच्या अध्यक्षाला भर बाजारात मिठी मारली," तो म्हणाला.

"माहितीये. तो बिचारा अजून तुला बघून रस्ता बदलतो."

"त्यांना पदक मिळावं म्हणून प्रांताधिकाऱ्यांना पत्र लिहिलं मी!"

"ते मी टाकलंच नाही टपालात. चुलीत घातलं."

आता एस्तेलला हसू आवरेना. "माफ करा हं, डॉक्टर," म्हणत ती जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. मॉरिसेटला मात्र हसू येत नव्हतं. आन्सेल्मची हनुवटी थरथरत होती, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्याला असं तिने दोनतीनदाच पाहिलं होतं. हा आता मला कधी माफ करणार नाही, असं तिला वाटलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तसा रागही आला.

"मग काय करायचं होतं मी?" ती म्हणाली. "तुझं ते 'अजून नाही' संपायची वाट बघत बसायचं होतं? त्या घोडेवाल्यांनी बाटल्या तुला प्यायला दिल्या होत्या, आन्सेल्म. राखण करायला नव्हत्या दिल्या. त्यांतले निम्मे गेले. आपणही एक दिवस गेलो असतो, आणि सगळं वरच्या त्या पोमारसारखं झालं असतं."

आन्सेल्मने हात पुढे करून रिकाम्यांतली एक बाटली मांडीवर घेतली आणि चष्मा पुसून लेबल वाचलं.

"एकाहत्तरची व्होल्ने. ही कधी?"

मॉरिसेटला विचार करावा लागला नाही. "तू इस्पितळातून घरी आलास त्या रविवारी. सूप अळणी आहे म्हणून कुरकुर केलीस, आणि सुरई संपवलीस."

त्याने दुसरी उचलली. "ही?"

"सोलांजने फोन करून सांगितलं ना, दिवस गेलेत म्हणून. तू उठून स्वयंपाकघरात नाचलास. ताटली फोडलीस."

त्याला हसू आलं. मग त्याने तिसरी घेतली, एकोणसत्तरची शांबेर्तँ, आणि तिच्यावरून बोट फिरवत राहिला. ही बाटली त्याला कुणी दिली, कुठल्या घोड्यासाठी दिली, ते तो लेकीला, जावयाला, ज्याला त्याला सांगत आला होता.

"ही तुझ्या आईला पोचवून आलो त्यानंतरच्या रविवारी," मॉरिसेट हळूच म्हणाली. "तू आठवडाभर कुणाशी बोलला नव्हतास."

आन्सेल्मने डोळे मिटले. "आठवतंय," तो म्हणाला. "वास आठवतोय. चेरीचा, आणि मागून पावसात भिजलेल्या पानांचा. मला वाटलं, ही साधी वाईन एवढी चांगली का लागतेय आज. आणि मग मी बोलायला लागलो."

"जेवण गार होईपर्यंत बोललास. आईबद्दल कितीतरी गोष्टी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या."

त्याने तिचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

एस्तेल घसा खाकरत परत आली. "पहिल्या रांगेतल्या काही फार चांगल्या आहेत, डॉक्टर. भाव चांगला देते. आणि रिकाम्या तेवढ्या फोडून टाका. जुनं लेबल असलेली बाटली मिळाली की काहीबाही भरून विकणारे टपलेलेच असतात."

"रिकाम्या फोडा," आन्सेल्म म्हणाला. "भरलेल्या नाही विकायच्या. तुम्हाला उगाच खेप पडली, बाई. जेवूनच जा आता."

"अरे पण फ्लॅटमध्ये ठेवायच्या कुठे?" मॉरिसेट म्हणाली.

"उत्तरेच्या भिंतीला कपाट आहे ना मोठं, त्यात. किल्ली तुझ्याकडे ठेव, मला देऊ नकोस." तो काठी टेकत उठला आणि तिच्या खांद्यावर हात टाकून जिन्याकडे वळला. "आणि हे बघ, कुठली कधी उघडलीस ते मला सांगू नकोस. कळलं तर मी उघडू देणार नाही."