भांड्यांचा पगार

टाळेबंदी लागायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गावानं थाळ्या वाजवल्या, तेव्हा आमच्या महेशनं तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहून माझी परात अशी बडवली की तिला पोचा आला. त्या परातीत मी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षं भाकरी थापल्या. ह्यांच्या ड्युटीच्या डब्याची भाकरी तिच्यातली, महेशच्या शाळेच्या डब्याचीही तिच्यातलीच. तिला कधी ओरखडा आला नव्हता. मी तेव्हाच ओळखलं, या पोराचं आणि भांड्यांचं काही जमायचं नाही.

महेश माझा एकुलता एक. अंबडच्या एका कंपनीत खरेदी खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्याचे भाव पाडायचा पगार घेतो. टाळेबंदीत कंपनी बंद पडली आणि साहेबानं फोन करून सांगितलं, घरूनच काम करा, पगार अर्धा मिळेल. तो अर्धा पगार आणि पुरा महेश असे दोघं घरात येऊन बसले. एवढी वर्षं या घरात राहून त्याला पहिल्यांदा कळलं की साखर संपते. गॅसही संपतो, हे कळल्यावर तर त्यानं शेगडीसमोर खुर्ची टाकली.

"आई, डाळीला एवढ्या शिट्ट्या लागतात?"

"डाळ कंपनीत शिकलेली नाही बाबा. तिला वेळ लागतो."

पहिल्या आठवड्यात त्यानं नाश्त्यानंतर सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि काटकसर समिती काढली. तो अध्यक्ष, माझी सून वैष्णवी सचिव. मी विचारलं, मी कोण? तर म्हणाला, तू सल्लागार. सल्लागार म्हणजे ज्याच्या हातचं खायचं, पण ज्याचं ऐकायचं नसतं.

समितीनं दुपारचा चहा बंद केला. पेपर बंद केला. धोब्याचं बंद केलं, तसंही चड्डीवर काम करणाऱ्याला इस्त्री कशाला लागते. जे पैसे वाचले त्यातून अंगात शक्ती यायच्या गोळ्या मागवल्या. घरात हळदीचा डबा भरलेला, आणि महेश हळदीच्या गोळ्या पाण्याबरोबर गिळतो. पोरगं घाबरलेलं होतं, आणि घाबरलेला माणूस पैसे खर्च केल्याशिवाय शांत होत नाही.

मग तो म्हणाला, "आता मंगलाबाई. त्या कामाला येत नाहीत, तर त्यांचा पगार बंद."

मंगलाबाई आमच्याकडे धुणंभांडी करते. सोसायटीनं कामवाल्या बायकांना फाटकाच्या आत यायला बंदी केली होती, ती काही आपल्या पायानं घरी बसली नव्हती. तिचा नवरा झिपरू रिक्षा चालवतो, तीही उभी. आदल्या संध्याकाळीच तिचा मला फोन आला होता.

"मावशी, पगाराचं काय व्हईल वो?"

मी म्हणाले होते, "तुझा पगार तुटायचा नाय. साळूबाईचा शब्द हाय."

शब्द देऊन एक रात्र उलटते तोच माझ्या पोटच्या पोरानं तो टेबलावर घेऊन कापायला काढला. मी म्हणाले, "महेश, तुला कंपनी घरी बसून अर्धा देते ना? मग तिलाही निदान अर्धा दे."

"आई, माझी गोष्ट वेगळी. मी घरून काम करतो."

"तीही घरी भांडीच घासते."

वैष्णवीला हसू आलं, ते तिनं पदराआड लपवलं असतं, पण गाऊनला पदर नसतो. मग तीच म्हणाली, "आई, बाबांच्या मागं तुम्हाला पेन्शन मिळते, त्यातून देता येईल की."

सून गुणाची आहे, पण मध्यस्थी करायला गेली की दोन्हीकडचं नुकसान करते. मी म्हणाले, "भांडी सगळ्यांनी खरकटी करायची आणि पगार माझ्या एकटीच्या पेन्शनीतून? जो ताटात जेवतो त्यानं द्यायचा."

"मग भांडी मी घासतो," महेश म्हणाला. "त्यात काय एवढं. पगार वाचला."

"घास," मी म्हणाले.

भांडी घासण्याआधी महेशनं खरेदी केली. खरेदी खात्यातला माणूस रिकाम्या हातानं कामाला लागत नाही. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आले. पोटाला बांधायचा कपडा आला, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. ताटाची घासणी वेगळी, काचेची वेगळी, तव्याची वेगळी. लिंबाचा वास येणारा पातळ साबण आला, तोही मोठ्या कॅनमध्ये, कारण मोठ्या कॅनला सूट होती. मंगला एक काथ्या आणि साबणाची वडी यांवर महिना काढायची. मी विचारलं तर म्हणे, आई, हा एकदाच करायचा खर्च आहे.

मग त्यानं आमच्या जेवणावर नजर वळवली. भाजीला एक कढई, आमटीला एक पातेलं, भाताला कुकर, फोडणीला वेगळी पळी, हे सगळं त्याला उधळपट्टी वाटायला लागलं. पाण्याच्या पेल्यांवर त्यानं नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, दिवसभर एकच पेला. मी म्हणाले, माझी चिठ्ठी काढ, मी काय दवाखान्यात भरती नाही. शेवटी समितीत ठराव झाला की रात्री फक्त खिचडी, आणि ती कुकरमधूनच ताटात.

एकदा मी थालीपीठं लावली, तर ओट्याशी येऊन उभा. "आई, लोणी वाटीत कशाला काढलंस? ताटातच वाढ ना."

"थांब, तोंडातच भरवते. ताटही वाचेल."

इकडे मंगलाचे फोन चालूच. ती पैसे मागत नव्हती. 'तब्येत कशी हाय मावशी' एवढंच विचारायची आणि फोन ठेवायची. पैसे मागितले असते तर बरं वाटलं असतं. महिना भरत आला होता. मी जन्मात कुणाला तोंड चुकवलं नाही, आणि आता फोन वाजला की मी देवघरात जाऊन बसायला लागले. हे काही मला शोभणारं नव्हतं.

म्हणून पुढच्या समितीत मी स्वतःच एक ठराव मांडला. म्हणाले, "कुरडया विकतच्या केवढ्याला पडतात रे महेश?"

त्यानं फोनमध्ये बघितलं आणि डोळे मोठे केले.

"घरी केल्या तर फक्त गव्हाचे पैसे," मी म्हणाले. "ऊन फुकट आहे. मी आहे. वर्षभराच्या होतील, उरलेल्या सोसायटीत विकता येतील."

महेशचा चेहरा असा उजळला, जणू मी कंपनी चालू झाल्याची बातमी दिली. सल्लागाराचं पहिल्यांदा एकमतानं ऐकलं गेलं. गच्चीवर वाळवण घालायला सोसायटीनंही हरकत घेतली नाही. गर्दी करायची बंदी माणसांना होती, कुरडयांना नव्हती.

ज्यांनी कुरडया फक्त तळून खाल्ल्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते वाटायचे, पिळायचे, गाळायचे. खाली पांढरा दाट चीक बसतो. तो उकळत्या पाण्यात ओतून घोटत शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. यात बादल्या लागतात, पाट्या लागतात, गाळण्या, कापडं, मिक्सरची सगळी भांडी, चाटू, सोऱ्या. आणि चीक शिजवायला लागतं ते माळ्यावरचं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं, ज्यात लहानपणी महेशला बसवून अंघोळ घालता यायची.

चीक सारखा घोटावा लागतो, नाहीतर खाली धरतो. माझ्या हातून चीक कधी खाली धरला नाही. त्या दिवशी धरला. वय झालं.

गच्चीवर कुरडया पांढऱ्याशुभ्र पडल्या. वैष्णवीनं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले, मनमाडच्या माझ्या नणंदेनं तर विकत मागितल्या. महेश खाली आला तेव्हा खुशीत होता. मग त्यानं स्वयंपाकघर बघितलं. ओटा भरून भांडी, जमिनीवर भांडी, बाल्कनीत भांडी. चीक वाळला की भांड्याला असा बसतो, जसा सरकारी जागेवर टपरीवाला. पातेल्याच्या बुडाला तर काळी खरवड धरलेली.

"आई, हे सगळं आजच?"

"उद्या केलंस तर आणखी बसेल."

वेगवेगळ्या रंगांच्या घासण्या तासाभरात मेल्या. हातमोजे चिकानं आतून बाहेरून चिकटले. पोटाला बांधलेल्या कपड्यावरचं इंग्रजी दिसेना. दुपारी त्याच्या साहेबाची फोनवर मीटिंग होती. हा बाल्कनीत पातेल्यात अर्धा वाकून खरवड खरवडतोय आणि कानात मीटिंग. आवाज बंद करायला विसरला. साहेब म्हणाला, "महेश, मागे मशीनचा आवाज कसला येतोय? कारखाना चालू झाला की काय?"

"नाही सर," महेश म्हणाला. "घरचं काम आहे."

"मग अर्धाच पगार बरोबर आहे म्हणायचा," साहेब म्हणाला, आणि सगळे हसले.

महेश हसला नाही. संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला. बोटांची टोकं सुरकुतलेली, कंबर धरलेली, वैष्णवी मागून बाम लावत होती. पातेलं अजून निम्मं काळंच होतं.

"आई," तो म्हणाला, "मंगलाबाईंना पुरा पगार दे. मागचाही. आणि सोसायटीनं परवानगी दिली की पहिल्या दिवशी बोलव."

"समितीत मांड," मी म्हणाले.

त्यानं टेबलाशी न बसताच मांडला आणि वैष्णवीनं उभ्या उभ्या मंजूर केला. मी लगेच फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. पोराला त्याच्या आईचा शब्द कसा पाळला जातो ते ऐकू दे म्हणाले.

"मंगले, तुझा पगार तयार हाय. पुरा. उद्या फाटकाशी ये."

"येते मावशी," मंगला म्हणाली. "फोनवर नका टाकू, झिपरूच्या फोनात गेले की माझ्या हाताला लागत नाय. रोखच द्या."

"रोखच देते. आणि फाटक उघडलं की कामाला यायचं."

"मावशी, काम आता नाय जमायचं. आम्ही भाजीची हातगाडी घेतली. माझ्या मंगळसूत्राची वाटी मोडली. मार्केट यार्डातून झिपरू माल आणतो, मी इकते. तुमच्याच गल्लीत येत असते की. भाऊ रोज माझ्याकडूनच भाजी नेतात, तोंडाला फडकं असतं म्हणून वळखत नसतील."

मी महेशकडे बघितलं. महेशनं पातेल्याकडे बघितलं.

"रोज घासाघीस करतात वो," मंगला पुढं म्हणाली. "कोथिंबीर फुकट मागतात."

दुसऱ्या दिवशी ती फाटकाबाहेर आली, तेव्हा मी पैसे रस्त्याकडच्या बाल्कनीतून दोरीला बांधलेल्या पिशवीत घालून खाली सोडले. मंगलानं मोजले नाहीत. माझा शब्द राहिला, तिची वाटी गेली. माझा शब्द जरा लवकर पोचला असता तर, हा हिशेब मी महेशसमोर बोलून दाखवला नाही. त्याला तो समजला असता, आणि मग समिती पुन्हा बसली असती.

समिती तरी बसलीच. पाऊस लागून सगळं हळूहळू उघडायला लागलं तेव्हा महेशनं भांडी घासायचं मशीन घेतलं, हप्त्यानं. हप्ता मंगलाच्या पगाराहून जास्त. पण म्हणे मशीन सुट्टी घेत नाही, दिवाळीला साडी मागत नाही. मशीन आलं, भिंतीला छिद्र पडलं, नळ जोडला. मग महेशनं मशीनबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. जर्मनची भांडी चालणार नाहीत. लोखंडी तवा, कढई नको. लाकडी काही नको. पितळ नको. आणि खरकटं आधी धुऊन मगच भांडी आत ठेवावीत.

"आधी धुवायचीच, तर मग आत कशाला ठेवायची?" मी विचारलं.

वैष्णवी म्हणाली, "आई, प्लीज."

महिनाभर त्यात पेले धुतले. मग त्यात टाकायच्या साबणाच्या वड्या संपल्या, त्या महाग म्हणून समितीनं बंद केल्या. मशीन तसंच उभं. दार घट्ट लागतं, आत मुंगी जात नाही, उंदीर तर नाहीच. आत जाळीचे कप्पे आहेत. मी कोरड्या फडक्यानं पुसून त्यात वर्षाच्या कुरडया भरून ठेवल्या. एकही तुटली नाही. एवढी सोय मी जन्मात बघितली नव्हती.

भांडी आता आम्ही तिघं वाटून घासतो. माझ्या वाट्याला रात्रीची आलीत. आणि रात्री मीच म्हणते, खिचडी टाकू या, पोटाला हलकी पडते.

मंगलाची गाडी अकराच्या सुमारास खाली येते. काल महेश पिशवी घेऊन गेला, मी वरून बघत होते.

"वांगी एवढी महाग?" तो म्हणाला. "जरा कमी करा की मंगलाबाई."

"परवडत नाय भाऊ. मला घरून काम नाय ना करता येत." तिनं वांगी तोलली. "मशीन कसं हाय?"

"बरंय," महेश म्हणाला. "कोथिंबीर टाका थोडी."

"ती इकत हाय." मग तिनं मान वर करून मला हाक मारली. "मावशी, दोरी सोडा खाली."

मी पिशवी सोडली. तिनं त्यात कोथिंबिरीची चांगली मोठी जुडी टाकली. महेश तिथंच, पैसे देत उभा. मी पिशवी वर ओढली, मशीनचं दार उघडलं, आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधून कुरडया तिला खाली सोडल्या.