बारा मिलिमीटरची दया

ताईच्या शिवणकामाच्या खोलीत कॅलेंडर गुडघ्याच्या उंचीला टांगलेलं होतं. धाकट्या बहिणीने ते बाजूला सारलं. मागे ओलीचा डाग होता. वरची कड सरळ, पट्टीने आखावी तशी. पर्समधली मोजपट्टी काढून तिने मोजलं. जमिनीपासून एकोणचाळीस सेंटिमीटर. मागच्या वर्षी एकतीस होता.

"पाहुणी म्हणून आलीस की तपासणीला?" मशीनवरून मान न उचलता ताईने विचारलं.

"इतक्या खाली कॅलेंडर कोण वाचतं, ताई? मांजर?"

"वाचत असती तर बरं झालं असतं. निदान तिने तरी सांगितलं असतं, आज पाणी येणार म्हणून."

धाकटीने कॅलेंडर पुन्हा डागावर सरकवलं.

पंधरा दिवसांपूर्वी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, भर दुपारी उधाणाची भरती बंदरामागच्या या गल्लीत शिरली होती. पलीकडच्या वस्तीत आधीच इशाऱ्याचा भोंगा वाजला, होड्या आल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांना शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं. गल्लीत मात्र चिटपाखरू फिरकलं नाही. ताईने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कापड बेतायच्या टेबलावर निजवलं आणि पाण्याच्या ओढीने ते सरकू नये म्हणून तीन तास दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"टेबल हललं की सासूबाई विचारायच्या, 'सूनबाई, कुठे निघालोय आपण?' मी म्हटलं, 'तुमच्या माहेरी.' त्यावर म्हणतात, 'मग चांगलं लुगडं तरी नेसव.'" ताईने दोरा दातांनी तोडला. "पण मला एक सांग. तू नगररचनेच्या कचेरीत आहेस. पलीकडे भोंगा वाजतो आणि आमच्याकडे नाही, असं का?"

"बघते," धाकटी म्हणाली.

बघण्यासारखं काही नव्हतं. तिला सगळं माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी नगररचना कार्यालयात नवी असताना शहराच्या नकाशावर पुराची रेषा तिनेच काढली होती. मोजणीप्रमाणे रेषा गल्लीच्या वरच्या अंगाने जात होती, म्हणजे गल्ली पाण्याच्या पट्ट्यात होती. पट्ट्यातल्या घरांना तेव्हा दुरुस्तीची परवानगी मिळत नसे. ताईचं नुकतंच लग्न झालेलं आणि घराचं अर्धं छप्पर कोसळलेलं. धाकटीने पेन्सिल उचलली आणि रेषा बारा मिलिमीटर खाली, समुद्राकडे वाकवली. जमिनीवर साठ मीटर. एक्केचाळीस घरं पट्ट्याबाहेर आली, ताईच्या डोक्यावर छप्पर आलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

कचेरीची रीत अशी, की आराखडा दर वेळी सुधारायचा, पण जुनी रेषा तशीच गिरवायची. पुन्हा मोजायला कोण जातो? तीनदा आराखडा सुधारला, तीनदा ते वळण गिरवलं गेलं. पुढे भोंगे, होड्या, पंप, निवाऱ्याच्या जागा, सगळं त्याच रेषेवरून वाटलं गेलं. जी दया छपरासाठी केली, तीच भोंग्याच्या आड आली.

आता पुढच्या चाळीस वर्षांचा आराखडा निघायचा होता. शनिवारी लोकांसमोर सुनावणी. रेषा खरी केली तर तळमजल्यावर राहायला बंदी येणार, घरांचे भाव पडणार, ताईचं दुकान जाणार. आणि वळण कुणी घातलं, हे कुणीतरी विचारणारच.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरचे भरतीकाका वही घेऊन कचेरीत आले. तीस वर्षं ते रोज समुद्राची पातळी टिपत आले होते. पातळी तेवढ्या काळात चौदा सेंटिमीटरने चढली होती.

"काका, समजा एखादी रेषा चुकली असेल तर?"

"बंदरामागची ना?" काकांनी चष्मा पुसला. "माझे आकडे एक सांगतात, तुमचा नकाशा तिथे दुसरंच सांगतो. मला वाटायचं, कुणा बिल्डरने हात ओले केले असतील."

"बिल्डर नव्हता, काका. मी होते."

काकांनी वही मिटली. मग खुर्ची ओढून बसले. "लाच खाल्ली असतीत तर कधीच सापडला असतात. चांगल्या मनाने केलंत, म्हणून बावीस वर्षं टिकलं."

"आता रेषा सरळ केली तर त्यांची घरं मातीमोल होतील."

"होतील कदाचित. खोटं कशाला बोलू? पण बाई, पाण्याला कुठे यायचं ते ठाऊक आहे. माणसांना कधी निघायचं ते कळावं, एवढ्यासाठी आपण रेषा काढतो. घर त्यांचं, जीव त्यांचा, आणि ठरवताय तुम्ही एकट्या. त्यांना विचारलंत कधी?"

तिने विचारलं नव्हतं. एकदाही नाही. तिला वाटत आलं होतं, आपण ताईला सांभाळतोय. प्रत्यक्षात ताईला काहीच कळू न देता तिने स्वतःलाच सांभाळलं होतं!

नागरिकहो, आपणही घरोघरी हेच करतो. आपल्या माणसाला वाईट बातमी सोसणार नाही म्हणून ती दडवतो, आणि तिच्याबरोबर त्याची सावध होण्याची वेळही दडवतो. चढत्या समुद्राशेजारी राहायचं तर बांध हवेत, पंप हवेत, उंच जोती हवीत. पण त्या सगळ्याच्या पायाशी खरा आकडा हवा. जो आकडा आपण प्रेमापोटी खोटा करतो, त्याची किंमत आपल्याच माणसाला मोजावी लागते.

शनिवारी सभागृह भरलं. दुकान बंद करून ताई पहिल्या रांगेत आली होती, गळ्यातली टेप काढायची विसरून. धाकटी उभी राहिली आणि लिहून आणलेलं निवेदन वाचू लागली.

"मोठ्याने वाच गं," ताई म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाहीये."

धाकटीने कागद खाली ठेवला.

"ताई, आपली गल्ली पुराच्या पट्ट्यात आहे. मला ते बावीस वर्षांपासून माहीत आहे, कारण नकाशात तिला बाहेर मीच ठेवलं. आज मी ती पट्ट्यात घेते आहे. भोंगा आणि होड्या पुढच्या उधाणाआधी येतील. घरांचं काय करायचं, ते आता तुम्ही सगळ्यांनी बोला. मी ऐकायला बसले आहे."