अकरावं नाव

"कारखान्याची ती टेप कुठाय?" साहेबांनी विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महिनाअखेरीला आमच्या स्थानिक बातम्या बंद होणार होत्या. चॅनेल एका मोठ्या कंपनीनं घेतलं होतं; आता बातम्या दूरच्या शहरातून येणार. त्याआधी चॅनेलच्या चाळीस वर्षांवर माहितीपट काढायचा साहेबांनी घाट घातला होता. कारखाना जळाला तेव्हा मेलेल्यांची नावं सगळ्यांत आधी आम्ही सांगितली, हे त्यात मिरवायचं होतं. आम्ही म्हणे!

"तुम्हीच पुसायला लावलीत," मी म्हणालो. "त्याच संध्याकाळी."

"मी? काहीतरीच काय बोलतोस? कागद दाखव."

कागद कुठून आणणार? हुकूम तोंडी होता. टेपा महाग, म्हणून जुन्या बातम्या पुसून त्यांच्यावरच नव्या घ्यायच्या, ही आमची रीतच. तिच्या आडून साहेबांनी हवं ते पुसून घेतलं. पुसणारा मी, टेपखोलीतला माणूस. आणि ती बातमी वाचणारी माझी सख्खी मोठी बहीण.

कारखान्यानं दहा नावं दिली होती. अकरावा हजेरीपटावर नव्हता, म्हणून मालकाच्या लेखी तो मेलाच नव्हता. ताईनं त्याचं नाव कागदाच्या तळाशी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि वाचायला बसली. दहाव्या नावानंतर साहेबांनी घरोघरी पडद्यावर साबणाची जाहिरात लावली; स्टुडिओतलं भरणारी टेप मात्र चालूच होती. मालक साहेबांचा दोस्त, त्याच्या जाहिरातींवर चॅनेल चालायचं. दुसऱ्या दिवशी साहेब सांगत सुटले, बाई गडबडल्या, दहावर थांबल्या, म्हणून जाहिरात टाकावी लागली.

ताईची नोकरी गेली. ते तिनं पचवलं असतं. पण अकराव्याची आई आमच्या ताईपासून दोन घरं सोडून राहते. तिनं भर बाजारात ताईला विचारलं, "माझाच तेवढा जड झाला होय गं जिभेला?" वाचलं होतं, असं ताईनं शपथेवर सांगितलं. म्हातारीनं तोंड फिरवलं ते आजतागायत. सगळे तेच म्हणतात म्हटल्यावर पुढं ताईलाही शंका यायला लागली. "खरंच वाचलं होतं का रे मी?" असं मला विचारायची. मी काय सांगणार? पुरावा माझ्याच हातानं पुसलेला.

"शोध तरी," साहेब म्हणाले.

शोधायचं काय त्यात? ती टेप परत वापरायला माझा हात धजावला नव्हता, म्हणून वरच्या फळीवर मागं ढकलून ठेवली होती. काढली, मशीनमध्ये घातली. पडद्यावर नुसते रंगांचे पट्टे. पुसताना आम्ही तेच भरायचो.

"घ्या तुमचा इतिहास," मी म्हणालो.

आणि ताईचा आवाज आला.

पुसताना दोन बटणं दाबायची असतात, एक चित्राचं, एक आवाजाचं. त्या संध्याकाळी मी इतका भडकलो होतो की दुसरं दाबायचंच राहून गेलं. आणि एकोणतीस वर्षं मला त्याचा पत्ता नाही.

आठ, नऊ, दहा. आणि अकरावं. खणखणीत, वडिलांच्या नावासकट.

साहेबांचा हात मशीनकडे गेला. मी तो धरला. नोकरीत पहिल्यांदा.

"चित्र नाही, मग काय उपयोग?" ते म्हणाले. "भंगारात टाक."

"जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा. खोटं बोलून तिचं आयुष्य नासवलंत. बसा तिथं आणि ऐका."

कसे कोण जाणे, बसले. मी ताईला फोन लावला.

"ताई, काही बोलू नकोस. ऐक फक्त."

रिसीव्हर मशीनच्या स्पीकरला धरून यादी परत लावली. अकरावं नाव झालं. मग ती म्हणाली, "फोन ठेवू नकोस." तिच्या चपला वाजल्या, दार वाजलं.

दोनच घरं, पण यायला दहा मिनिटं लागली. मध्ये साहेब उठायला लागले. मी नुसतं बघितलं, परत बसले.

"लाव," ताई म्हणाली. "त्या आल्यात."

मी लावली. नाव येऊन गेलं.

"बाळा," म्हातारीचा आवाज आला, "तेवढंच परत एकदा लाव."

मी टेप मागं घेतली.