तांग आजींच्या पिशवीवरचा शेवटचा शिक्का

तांग आजींची नाव दुपारी सुटणार होती, आणि देवळाचा शिक्का सकाळीच पायरीवर पडून फुटला होता.

भिक्षुणी चिंगयुए तुकडे बाहीत घेऊन आमच्या शिक्के कोरायच्या दुकानात आली. मागोमाग काठी टेकत आजी. करुणेची देवी गुआनयिन, तिच्या जन्मदिवसाला जियाशिंगकडच्या बायका हांगझौला येतात, पिवळ्या पिशवीवर देवळादेवळांचे शिक्के घेतात. मेल्यावर ती पिशवी सोबत जाते, यमराजाला दाखवायला. आजींच्या पिशवीवर एकच जागा रिकामी होती, आणि त्यांना धाप अशी लागलेली, की पुढच्या वर्षाचं नाव कोणी काढेना.

"आजी, आजची रात्र थांबा की," मी म्हटलं.

"रेशमाचे किडे थांबतात का गं? अंडी फुटायला आलीत. नाववाला भाचाच माझा, पण काळजाच्या जागी दगड आहे मेल्याच्या."

"काढून आणा, आत्ता दगडच हवाय," आमचे हे म्हणाले. हसलं मात्र कोणी नाही.

तेवढा मोठा दगड घरात एकच होता. दुकान थाटलं तेव्हा यांच्या गुरूंनी स्वतः यांचं नाव कोरून दिलेला. गुरू आता नाहीत. यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि पाणी घालून दगड घासायला घेतला.

"अहो, गुरूंच्या हातचं आहे ते!"

"कोरायलाही त्यांनीच शिकवलंय. बघू, शिकलो का."

समोर देवळाच्या अंगणात मातेची कथा गाणं चाललं होतं. एरवी मी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत असते. आज झांज वाजली की नावेची घंटाच वाटे. माते, एवढी घटका सांभाळ, एवढंच म्हणत राहिले.

यांनी देवळाचं नाव उलटं लिहिलं, आरशात पाहिलं, सुरी लावली. शेवटच्या अक्षरात सुरी करकरली. दगडात वाळूचा टणक खडा! जोर लावला तर अख्खा दगड तडकणार. खाली घाटावर घंटा झाली. ही खरी.

"मी जाते हो," आजी उठल्या. "यमराज विचारेल, तर सांगेन घाई होती."

"बसा!" हे ओरडले. थोरामोठ्यांवर कधी आवाज न चढवणारा माणूस. सुईने टोकरत टोकरत त्यांनी खडा बाहेर काढला.

चिंगयुएने पहिला ठसा कागदावर घेऊन मातेच्या पायाशी ठेवला, दुसरा पिशवीवर. लालभडक उमटला.

"घडी घालू नका, पसरेल," यांनी बजावलं. "शाई सुकायला वेळ लागतो."

भाच्याने आजींना हात धरून नावेत चढवलं. आजींनी लगेच हात सोडवून घेतला आणि पिशवी दोन्ही हातांनी वाऱ्यावर ताणून धरली. नाव हलली. कठडा ना आधार, म्हातारी मध्येच उभी, डुलते आहे.

"आजी, बसा ना खाली!" मी काठाकाठाने धावत ओरडत होते.

"सुकू दे गं आधी!"