साहेबांचं द्रावण

बदलापूरला थंडी पडली की माणसांना भलताच चेव येतो. तिकडे मुंबईत पंखे फिरत असतात आणि इकडे बेलवलीत लोक सकाळी गच्चीवर चढून मोबाईलवर पारा बघतात, त्याचा फोटो काढतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. जणू ही थंडी यांनी घरी बसून विणली आहे. पाणी येत नाही, रस्ता धड नाही, त्यावर तोंडं शिवलेली. पारा उतरला की मात्र छात्या फुगतात.

या फुगलेल्यांमध्ये सगळ्यात टम्म फुगलेले होते चौथ्या मजल्यावरचे विष्णुपंत. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. सोसायटी त्यांना 'साहेब' म्हणायची, कारण राहायला आल्या दिवसापासून त्यांनी स्वतःची ओळखच तशी करून दिली होती. "मी आयुष्य केमिकलमध्ये काढलंय," हे त्यांचं लाडकं वाक्य. टाकीतलं पाणी गढूळ आलं, झुरळं झाली, कुणाच्या भिंतीला बुरशी आली की हे वाक्य निघायचं आणि समोरचा माणूस मान डोलवायचा. त्यांची बायको कुंदा तेव्हा चहाचे कप उचलून आत जायची. आत जाऊन ती काय पुटपुटायची ते फक्त ओट्याला ठाऊक.

घरात तिसरा जीव म्हणजे ठकी. पांढरी मांजर, एका कानावर शाई सांडल्यासारखा डाग. ती मुळात मुलाची, समीरची. त्यानं चिखलोलीला नव्या टॉवरमध्ये घर घेतलं, तेव्हा सामान लागेपर्यंत म्हणून तिला आईकडे आणून ठेवलं. सामान लागलं, पडदे लागले, सोफा आला. मग म्हणाला, "आई, सोफा नवीन आहे गं, नखं लागतील. राहू दे ना तुझ्याकडेच." मांजरापेक्षा सोफा लाडका झालेल्या मुलाला कुंदानं उलट विचारलं नाही. ठकीला ठेवून घेतलं. आणि खरं सांगायचं तर त्या घरात संध्याकाळी कुंदाच्या मांडीजवळ आपणहून येऊन बसणारं दुसरं कुणी नव्हतंच.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी हळदीकुंकवाला खालची भावना आली. सेक्रेटरीची बायको. दारातच तिनं नाक असं आक्रसलं की नथ हलली.

"काकू, मांजर आहे ना, म्हणून जरा वास येतो. तुम्हाला सवयीनं कळत नसेल."

वास उदबत्तीचा होता. पण साहेबांच्या वर्मी लागायचं ते लागलं. केमिकलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या घराला वास! दुसऱ्याच दिवशी ते अंबरनाथला गेले आणि कंपनीतल्या रघुकडून निळा कॅन घेऊन आले. रघु त्यांच्या हाताखाली होता, अजूनही त्यांना घाबरून होता. कॅनवर नाव नाही, गाव नाही, चिठ्ठी नाही. झाकण उघडलं तर कुंदाच्या डोळ्यांतून पाणी.

"अहो, हे आहे काय?"

"बाजारातलं फिनेल म्हणजे रंगीत पाणी. हे कॉन्सन्ट्रेट आहे. तुला कळायचं नाही."

कामाला येणाऱ्या विठानं ते एकदाच वापरलं. दुसऱ्या दिवशी बोटं पुढे करून म्हणाली, "काकू, कातडं निघालं बगा. काकांना म्हनावं, तुमचं तुमीच पुसा." विष्णुपंतांनी तिला कामचोर ठरवलं आणि मॉप स्वतःच्या हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग त्या मॉपचा असा काही डंका पिटला, की जणू बायका जन्मभर फरशा पुसतात तो नुसता टाइमपास.

त्यांचं एक शास्त्र तयार झालं. आधी घराच्या सगळ्या खिडक्या बंद. फटींना थर्माकोलच्या पट्ट्या, वर खाकी चिकटपट्टी. दाराखाली जुना टॉवेल. ऊब बाहेर जाता कामा नये. मग गीझरचं कढत पाणी, त्यात कॅनमधलं द्रावण, मापानं नाही, अंदाजानं. "हाताला बसलंय माप," असं म्हणायचे. कढत पाण्यानं फरशी पुसली की घर कोंदट गरम व्हायचं, डोळे चुरचुरायचे, आणि साहेब कानटोपी काढून म्हणायचे, "बघ, हीटर लागला का? स्वच्छता आणि ऊब, एका बादलीत."

ठकीला थंडी सोसत नव्हती. पुसलेली फरशी कोमट असायची. ती येऊन त्या फरशीवर पोट टेकून सपाट पसरायची आणि मग उठून सवयीनं पंजे चाटायची, पोट चाटायची, शेपूट चाटायची. विष्णुपंतांनी तिचा तसा पसरलेला फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'हिवाळ्यात प्राणी असलेलं घर उबदार व निर्जंतुक कसं ठेवावं. अनुभवी माणसाचा सल्ला. द्रावण हवे असल्यास भेटावे.' अंगठ्यांचा पाऊस पडला. लोक कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या घेऊन दारात येऊ लागले. साहेब देवळातल्या तीर्थासारखं त्यात ओतू लागले. भावनाही घेऊन गेली. तिच्याकडे पॉमेरियन होता, सोनू, आणि त्याचे केस घरभर.

रविवारी सकाळी कुंदानं दुधाची वाटी ठेवली तर ठकी आली नाही. सोफ्यामागे बसली होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. उचलायला गेली तर पाय फरशीवर चारी दिशांना गेले, दारू प्यायल्यासारखे. जबडा उघडून बघितलं तर जीभ लालभडक, कडेला सोललेली.

"अहो, इकडे या. हिला काहीतरी झालंय."

विष्णुपंत पेपरातून वर न बघता म्हणाले, "केसांचा गोळा अडकला असेल. पडेल उलटून."

"जीभ सोललीय तिची."

"थंडी बाधली. शाल टाक अंगावर."

"तुमच्या त्या पाण्यानं झालंय हे. विठाची बोटं पण अशीच होती."

पेपर खाली आला. "विठा आणि तू! दोघींनी मला केमिस्ट्री शिकवा आता."

कुंदानं त्यांना काही शिकवलं नाही. भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीत टॉवेल घातला, त्यात ठकीला ठेवलं, वर दुसरी टोपली पालथी घालून ओढणीनं आवळली. मग मोरीतून तो निळा कॅन उचलून पिशवीत टाकला. तेव्हा मात्र साहेब उठले.

"कॅन कशाला?"

"डॉक्टरला दाखवायला नको?"

"अगं, ते कंपनीचं आहे, असं चारचौघांत नाचवायचं नसतं. उद्या रघुच्या अंगावर येईल. ठेव तो."

"मग तुम्ही चला. तुम्ही सांगा त्यात काय आहे ते."

"मांजरासाठी मी रिक्षात बसून उल्हासनगरला जाऊ? लोक काय म्हणतील?"

कुंदा कॅन घेऊन निघाली. बदलापुरातला जनावरांचा डॉक्टर रविवारी बंद, म्हणून उल्हासनगर. अख्ख्या वाटेत ठकी एकदाही ओरडली नाही. एरवी पिशवीत ठेवलं तरी आकाशपाताळ एक करणारी मांजर ती. कुंदा टोपलीच्या भोकातून बोट घालून तिचा कान चाचपत राहिली. कान थंडगार होता.

डॉक्टर सिंधी होता, जाडजूड, स्वेटरवर ॲप्रन घातलेला. त्यानं ठकीचं तोंड उघडून बघितलं, पंजे उलटे करून हुंगले आणि तोंड वाकडं केलं.

"आंटी, फरशीला काय लावता?"

कुंदानं कॅन टेबलावर ठेवला. त्यानं झाकण थोडं फिरवलं आणि झटक्यात बंद केलं.

"ये क्या है?"

"माहीत नाही. यजमान आणतात."

"लेबल नाय काय?" त्यानं कॅन फिरवून बघितला. "बघा आंटी, सीधी बात. साधं फिनेल पाण्यात घालून वापरलं असेल, तर मी अंग धुऊन देतो, औषध देतो, घरी न्या. तेज माल असेल तर आत्ताच्या आत्ता सलाईन, आणि इथेच ठेवावी लागेल, लिव्हर जाऊ शकते. दोन्ही करून बघू असं नाही होत, तिची ताकद बघा, आधी धुऊन मग सुई टोचली तर जाईल ती. यजमानांना विचारा."

कुंदानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. टेबलावर ठकीची शेपूट मध्येच थडथड उडत होती.

"अहो, डॉक्टर विचारतायत, कॅनमध्ये काय आहे?"

"फिनेल. सांग, साधं फिनेल आहे."

"तुम्हीच म्हणाला होतात की फिनेल म्हणजे रंगीत पाणी, हे ते नाही."

"अगं, म्हणजे त्याच जातीचं. सौम्य. एकदम सौम्य. सांग, घरी घेऊन या."

डॉक्टरनं फोनकडे तोंड केलं. "अंकल, नाव काय केमिकलचं? ॲसिड है, फिनॉल है, क्या है?"

पलीकडे घसा खाकरला गेला. "ते असं आहे डॉक्टर, ती कंपनीची अंतर्गत बाब आहे. फॉर्म्युला गोपनीय असतो. पण मी आयुष्य केमिकलमध्ये काढलंय, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. सौम्य आहे."

डॉक्टरनं खांदे उडवले आणि साबणाच्या पाण्याकडे हात केला. साहेबांचा शब्द होता ना. आजवर सगळ्यांनी मानला तसा त्यानंही मानला. कुंदाला दिसलं की आता हा ठकीला धुऊन टोपलीत घालून देणार, आपण तिला घरी नेणार, त्या बंद खिडक्यांच्या भट्टीत, आणि संध्याकाळपर्यंत ती मरणार. एका माणसाला 'मला माहीत नाही' ही तीन शब्दांची साधी गोष्ट तोंडातून काढता येत नाही, म्हणून.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "त्यांना माहीत नाही."

"क्या?"

"त्यांना काही माहीत नाही. ते डिस्पॅचला होते. टेम्पो मोजायचे आणि चलनावर शिक्के मारायचे. प्लांटच्या दारातसुद्धा त्यांना कुणी उभं करत नव्हतं. ड्रममध्ये काय भरलंय हे त्यांनी जन्मात कधी विचारलं नाही, आणि रघुलाही विचारलं नसणार. तुम्ही वाईटात वाईट धरा आणि सलाईन लावा."

फोनवरून बारीक आवाज आला, "कुंदा, स्पीकर चालू आहे का गं?"

"चालू आहे."

"बंद कर."

"तुम्ही रघुला विचारलं होतं का, यात काय आहे? हो की नाही, एवढंच बोला."

डॉक्टरनं वाट बघितली नाही, तो ठकीच्या पुढच्या पायावरचे केस कापायला लागला होता.

"नाही," विष्णुपंत म्हणाले.

सुई लागली तेव्हा ठकीनं किंचित पाय ओढला. डॉक्टर म्हणाला, "अच्छा है, ओढते आहे." कुंदा भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं ते मात्र काहीतरी दुसरंच. लग्नानंतरची इतकी वर्षं ती कप उचलून आत जात राहिली, आणि हा माणूस बाहेर बसून अख्ख्या इमारतीला ज्ञान पाजत राहिला. पाजत राहिला. तिच्या डोक्यात एकदम त्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या उभ्या राहिल्या. ओळीनं. भावनाच्या घरची. बाळ रांगतंय त्या दुसऱ्या मजल्यावरची.

तिनं ग्रुप उघडला, माइकचं बटण दाबून धरलं आणि बोलली. टाइप करण्याएवढी सवड नव्हती आणि गोड बोलण्याएवढी इच्छा नव्हती.

"मी चौथ्या मजल्यावरची कुंदा बोलतेय. आमच्याकडून नेलेलं ते बाटलीतलं पाणी कुणी वापरू नका. फरशी पुसली असेल तर साध्या पाण्यानं दोन-चारदा धुवा, खिडक्या उघडा, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्यावर सोडू नका. आमची मांजर त्यानंच दवाखान्यात पडलीय. त्यात काय आहे ते आमच्या ह्यांना माहीत नाही. ते केमिस्ट नव्हते, डिस्पॅचला होते. भावना, सोनूचे पंजे आधी धू, मग मला काय बोलायचं ते बोल."

भावनाचा लगेच फोन आला. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई नुसती "काकू, काकू" करत होती. सोनू सकाळपासून जेवला नव्हता, आणि ती त्याला थंडी बाधली म्हणून शाल गुंडाळून बसली होती.

"शाल काढ आणि घेऊन ये इकडे," कुंदानं पत्ता सांगितला. वास येतो का, असं तिला विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. कुत्र्याची काय चूक.

दोन दिवस ठकी दवाखान्यात राहिली. सोनू शेजारच्या पिंजऱ्यात. कुंदा रोज जाऊन बसायची, आणि पहिल्याच दिवशी घरी आल्या आल्या तिनं खिडक्यांवरचं थर्माकोल ओरबाडून काढलं. चिकटपट्टीसकट रंगाचे पापुद्रे निघाले. निघू दे. फरशी तिनं नुसत्या पाण्यानं धुऊन काढली, आणि एक खोली विष्णुपंतांना धुवायला लावली. गुडघे दुखतात म्हणाले. "विठाचे पण दुखायचे," ती म्हणाली. धुतली त्यांनी. कोपरे तसेच सोडून. ते तिनं पुन्हा धुतले.

ठकी घरी आली तेव्हा अर्धी झाली होती. जीभ बरी होत होती, पण खाणं सिरिंजनं भरवावं लागत होतं. खिडक्या सताड उघड्या, घरात बोचरी हवा. कुंदानं जुनी गोधडी नुसत्या उन्हात वाळवून खोक्यात अंथरली, दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून कडेला लावल्या. ऊब हवी तर एवढीशी पुरते. त्यासाठी अख्खं घर कोंडावं लागत नाही. ठकी त्यात वळून बसली आणि बऱ्याच वेळानं, कुणी न सांगता, स्वतःचा पंजा चाटला. कुंदा बघत होती. पुन्हा चाटला. पंजा स्वच्छ होता, चाटू दे.

विष्णुपंत दाराशी कानटोपी हातात घेऊन उभे होते. संध्याकाळी खाली बाकावर बसायची त्यांची वेळ झाली होती. त्या वेळी लोक काहीतरी विचारायला यायचे. गेले तीन दिवस ते खाली गेलेच नव्हते.

"तो मेसेज डिलीट करता येतो का गं?"

"सगळ्यांनी ऐकलाय."

"समीरनंपण ऐकला म्हणे. भावनानं पाठवला त्याला."

"बरं झालं. माझा एक फोन वाचला."

ते तसेच उभे राहिले. वारा सरळ आत येत होता. त्यांनी खिडकीकडे बघितलं, हात पुढे केला, कुंदाकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"मग आता मी खाली कसा जाऊ?"

कुंदानं सिरिंजमध्ये पेज भरली आणि ठकीचं तोंड हलकेच वर केलं.

"जिन्यानं," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये माणसं भेटतात."