अगस्त्ययानाचं दार

देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये अल्पनाला स्वतःचा असा वेळ मिळे तो दुपारी, जेवणं आटोपून सासूबाई आडव्या झाल्या की. रुक्मिणीबाईंचा धाक मोठा होता. वरणातल्या हिंगापासून खिडकीच्या पडद्यापर्यंत सगळं त्यांच्या मर्जीने चाले, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नाही, हे त्या आल्यागेल्याला सांगत ते नेमकं अल्पना चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली की.

कारखान्यातून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याने, शंतनूने, घरी आणला, तेव्हा त्याच्या धारच्या मित्राने, अभिषेकने, त्यावर स्वतः रचलेला खेळ घालून दिला. 'अगस्त्ययान' ही अंतराळातली मालिका अल्पनाने लहान असताना एकही रविवार न चुकवता पाहिली होती. अभिषेकचीही ती लाडकी, आणि मध्येच बंद पडली म्हणून पुढची गोष्ट त्याने या खेळात लिहिली होती. चित्रं नव्हती, नुसती इंग्रजी अक्षरांतली मराठी वाक्यं. यानात काय घडतंय ते पडद्यावर उमटायचं, आणि आपण काय करणार ते आपण टाइप करायचं.

एका दुपारी यानातली हवा संपत आली. 'एकाला बाहेर ठेवावं लागेल. कोणाला?' खेळाने विचारलं. सकाळीच पोळ्यांवरून बोलणी खाल्लेल्या अल्पनाने यानातल्या कोणाचं नाव न घालता लिहिलं, 'रुक्मिणी'.

'रुक्मिणी बाहेर आहे. दार वाजवते आहे. उघडू?'

'नाही,' तिने लिहिलं, आणि तिला हसू आलं.

संध्याकाळचा चहा ठेवताना तिला मागे टकटक ऐकू आली. स्वयंपाकघराचं दार तर सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून रुक्मिणीबाई बोटाच्या पेराने चौकट वाजवत होत्या.

"आत येऊ का गं?"

आवाजात टोमणा नव्हता. अल्पना गोंधळून "या ना" म्हणाली, तेव्हा त्या आत आल्या.

त्या दिवसापासून त्या प्रत्येक दाराशी थांबू लागल्या. "आई, ये की आत, अपना ही घर है," शंतनू म्हणे. पण त्या त्याच्या खांद्यावरून अल्पनाकडे बघत राहत. डॉक्टर म्हणाले, वय झालं. अल्पनाने अभिषेकला फोन लावला.

"दार वाजवण्याचं मी काही लिहिलंच नाही, भाभी," तो म्हणाला. "यानातलं नाव नसलं तर खेळ घेतच नाही. आपने कुछ और चला दिया होगा."

सुरुवातीला ती लगेच 'या' म्हणायची. मग एकदा हातातला चहा संपेपर्यंत थांबली, आणि सासूबाईही थांबल्या, भिंतीला न टेकता. बदनावरहून नात्यातल्या अलकामावशी आल्या तेव्हा अल्पना पहिल्यांदाच दिवाणावर ऐसपैस बसून त्यांच्याशी बोलली. बाहेरची टकटक मावशींना ऐकू येत होती, पण अल्पना उठली नाही. रोज दुपारी खेळ विचारी, 'ती अजून बाहेर आहे. उघडू?' आणि रोज तिची बोटं न अडखळता उत्तर देत.

मे महिन्यात, लूचे भाजणारे वारे वाहत असताना, रुक्मिणीबाई वाळलेले कपडे आणायला अंगणात गेल्या. शंतनू शिफ्टहून परतला तेव्हा त्या कपडे छातीशी धरून, तापल्या फरशीवर अनवाणी, बाहेरच्या दाराशी उभ्या होत्या. त्याने दंडाला धरून ओढलं. त्या हलल्या नाहीत. तळपायांना फोड आले होते.

"अल्पना, एकदा म्हण ना तिला."

अल्पना दारात आली. म्हातारीचे ओठ फुटले होते, पण नजर लहान मुलासारखी तिच्यावर खिळली होती. 'या' हा शब्द अल्पनाच्या जिभेवर आला होता. अगदी आला होता.

"जरा थांबा," ती म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी समजूतदारपणे मान डोलावली.