मातेची पेटी अकराव्या घरी

मी पेटी बोलतेय. दानपेटी नव्हे. ती चर्चच्या दारात असते आणि तिच्याजवळ आलं की माणसांना एकदम मोबाईल आठवतो. मी सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे वेदीमागच्या खोलीतल्या, कपाटावरची. माझ्या पोटात पवित्र मरियामातेची हातभर उंच मूर्ती आहे, पुढं काचेचं दार आहे आणि डाव्या अंगाला एकच मूठ आहे. उजवीकडची बसवायची राहिली ती राहिलीच. त्यामुळं मला उचलणारा प्रत्येक जण तिरका चालतो आणि दोष मात्र मला देतो.

मला राहात्याच्या कानिफनाथ सुतारानं केलं. सिस्टरांच्या दवाखान्याचं जुनं सागवानी दार मोडीत निघालं होतं, त्यातून. माझ्या तळाला अजून ‘चपला बाहेर’ अशी पुसट अक्षरं आहेत. मातेला घेऊन मी घरोघरी जाते आणि माझ्या बुडाला हे लिहिलेलं. आपण या कामाच्या लायकीच्या आहोत का, असा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. कुणाला विचारणार? अकरा महिने तर मी कपाटावर धूळ खात बसते.

मग येतो ऑक्टोबर, जपमाळेचा महिना. आमच्या वस्तीत एकतीस घरं कॅथलिकांची. रोज संध्याकाळी मला एका घरी न्यायचं, सगळ्यांनी जमून जपमाळ म्हणायची, रात्रभर मी तिथंच राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरच्यांनी मला पुढच्या घरी पोचवायचं. चांगली रीत आहे. माणसांनी तिचं काय केलंय ते ऐका.

पहिल्या घरी एक हार. दुसऱ्या घरी हारावर हार. तिसऱ्या घरी प्लॅस्टिकची फुलं. पाचव्या घरी कुणीतरी सेलवरच्या चिनी दिव्यांची माळ गुंडाळतो, ती लाल-हिरवी डोळे मिचकावत राहते आणि माता त्यात दिसेनाशी होते. काचेचं दार घट्ट बसतं म्हणून त्याला बुक्क्या. फादरांनी वेदीवरून सांगितलंय की फक्त चहा-बिस्कीट ठेवा. तरी पोह्यांवर भजी, भज्यांवर जिलेबी अशी चढाओढ चालूच. जपमाळेचे पाच भाग, त्यांना रहस्यं म्हणतात; चौथ्या रहस्याला निम्म्या बायकांचं लक्ष स्वयंपाकघराकडं. मी वैतागते. आणि मग वाटतं, लोक निदान येतात तरी. मी कोण बोलणारी? मोडीत निघालेलं दार.

पण यंदा मी खरोखर वैतागले ते यादीवरून.

ही यादी माझ्या झाकणाच्या आत चिकटवलेली असते. रामहरी मास्तर, म्हणजे आमचे धर्मशिक्षण देणारे, दरवर्षी ती सुवाच्य अक्षरात लिहितात. यंदा अकरा नंबरवर आडवी रेघ होती. दहा ज्योती, बारा आबासाहेब. मधलं रतनबाईंचं घर खोडलेलं.

रतनबाईंचा मुलगा भागवत नऊ वर्षं सेमिनरीत होता, फादर व्हायला. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बाहेर ‘आमच्या गावचे भावी धर्मगुरू’ असा फ्लेक्स होता. तरी माझ्या अंगावर रतनबाईंनी एकही दिवा लावला नव्हता. वाटीत खोबरेल घेऊन त्यांनी मला जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलं होतं, कोपऱ्या-कोपऱ्यातून. तेवढं प्रेमानं मला कुणी पुसलेलं नाही.

मग दीक्षा दीड वर्षावर आलेली असताना भागवत घरी परत आला. पाचारण नाही, देवाचं बोलावणं आपल्याला नाही, म्हणाला. आता संगमनेरच्या बाजूला दुधाचा टेम्पो चालवतो. कुणी त्याला वाईट बोललं नाही. तेच तर. सगळे दया दाखवायला लागले. चर्चमधली रविवारची मिस्सा सुटली की बायका रतनबाईंना गाठायच्या आणि आवाज खाली आणून विचारायच्या, “भागवत बरा हाय ना?” जसा काही पोरगा कावीळ होऊन पडलाय. चौदा महिने झाले, रतनबाई चर्चला आल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचं दार बंद. गेल्या ऑक्टोबरलाही ते उघडलं नाही, मला तशीच पुढं नेली.

“कशाला त्यांना अवघड करायचं?” मास्तर रेघ मारताना म्हणाले होते. आबासाहेब, म्हणजे पॅरिश कौन्सिलचे, चर्चच्या कारभारी मंडळाचे सेक्रेटरी, त्यांनीही मान डोलावली होती. “दया नको का माणसाला? राहू द्या.”

मला ओरडावंसं वाटलं. पण मी पेटी. माझं दारसुद्धा दुसऱ्यानं उघडावं लागतं.

दहाव्या दिवशी मी ज्योतीकडं पोचले. ज्योती भिंगारची, बी.एस्सी. झालेली, आठ महिन्यांच्या बाळाची आई. तिचा नवरा, नाव श्रीमंत, साखर कारखान्यात कामाला, त्या आठवड्यात दुपारपाळीला. बाळाला दात येत होते. तीन दिवस ते धड झोपलं नव्हतं आणि तीही नव्हती. एका हातानं थोपटायचं, दुसऱ्या हातानं मोबाईलवर ‘दात येताना ताप किती’ शोधायचं. दर वेळी नवीन भीती हाती लागायची.

“माते, तुझं बाळ रडायचं का गं असं?” रात्री तिनं काचेला डोकं टेकवून विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “नसेल. तुझी निवड करून झाली होती. माझं काय, लग्न झालं, बाळ झालं, कुणी विचारलंच नाही की जमेल का.”

ही बाई मला आवडली. हिच्याही तळाला काहीतरी पुसट लिहिलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई, साळूबाई, लवकरच आबासाहेबांकडं वडे तळायला गेल्या. जाताना बजावून गेल्या, “सातला पेटी घिऊन ये. चाळीस मानसं हायेत, मांडव घातलाय. उशीर करू नगंस.”

पावणेसातला ज्योती निघाली. डाव्या काखेत मी, उजव्या कडेवर बाळ. आणि माझी एकुलती मूठ पडली बाहेरच्या अंगाला! म्हणजे तिला मला पोटाशी कवटाळून न्यावं लागलं. बाळानं जो सूर लावला, तो मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेला असेल. त्यानं दिव्यांची माळ ओढली, हार ओढला, आईचे केस ओढले. मी घसरायला लागले. मातेचं डोकं आतून काचेला टणकन लागलं.

“अगं आई गं!” ज्योती थांबली. रडायलाच आली होती. तिनं मला जवळच्या ओट्यावर टेकवलं.

ओटा रतनबाईंचा होता.

दार उघडलं. रतनबाईंनी आधी बाळ पाहिलं, मग मला. मला पाहून त्यांचा हात कडीवरच राहिला.

“इथं ठिवू नगं, पोरी. आमचं नाव न्हाई यादीत.”

“माहीत आहे, मावशी. पण माझे हात तुटले हो. दोन मिनिटं.”

तेवढ्यात मागून भागवत आला. टेम्पो धुऊन आला असावा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. “वहिनी, आणा इकडं,” म्हणून त्यानं बाळ घेतलं. उभं नाही, पालथं, हाताच्या लांबीवर, गाल कोपराच्या खळग्यात. आत जाऊन खुर्चीत बसला, ज्योती मला घेऊन मागोमाग आत आली, आणि तो घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायला लागला. मी ओळखलं. मातेची स्तुतिमाला होती. एकेक नाव, आणि प्रत्येक नावाला पाठीवर एक थाप.

सातव्या-आठव्या नावाला बाळ गप्प झालं. विसाव्याला झोपलं.

ज्योती बघतच राहिली. “हे कुठं शिकलात?”

“सेमिनरीतून वर्षभर सिस्टरांच्या अनाथाश्रमात पाठवलं होतं. रात्रीची बारा बाळं माझ्याकडं.” तो हळू बोलत होता. “तिथं मी न बोलावता उठायचो. परत सेमिनरीत आलो, तर प्रार्थनेला स्वतःला ओढून न्यावं लागायचं. मग कळलं, आपण दुसऱ्याच्याच जागेवर बसलोय.”

रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. बहुतेक हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. विचारलंच नव्हतं कुणी. सगळे दया दाखवत होते ना.

“मलाही रोज तसंच वाटतं,” ज्योती म्हणाली. “चुकीच्या जागी आल्यासारखं. पण मला परत कुठं पाठवणार?”

भागवत हसला, आवाज न करता.

ज्योतीचा फोन थरथरला. सासूबाई. तिनं बाळाकडं पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. पुन्हा थरथरला. आबासाहेब. तिनं तो उशीखाली सारला.

“जा की गं,” रतनबाई कुजबुजल्या. “तिकडं मांडव घातलाय. लोक काय म्हणतील?”

“मावशी, तीन दिवसांनी झोपलंय. उचललं तर उठेल. मी काही हलत नाही. आणि तुमचा भागवतही हलायचा नाही.”

ज्यांनी तान्हं मूल सांभाळलंय त्यांना या वाक्यातला निर्धार कळेल.

साडेसातला ओट्यावर चपलांचा आवाज झाला. मातेला शोधत अख्खी वस्ती आली होती. पुढं आबासाहेब, इस्त्रीच्या सदऱ्यात, मागं फादर, मास्तर, पिठाच्या हातांच्या साळूबाई.

“अगं ज्योती, काय चाललंय हे? वडे गार व्हायला लागले!” आबासाहेब दारातूनच गरजले.

चार बोटं एकदम ओठांवर गेली. ज्योतीचं, रतनबाईंचं, भागवतच्या मोकळ्या हाताचं, आणि दारातून साळूबाईंचंही, कारण नातू त्यांचा होता.

“निजलंय?” साळूबाईंनी श्वास रोखून विचारलं. “खरंच निजलंय? आबासाहेब, ठेवा तुमचे वडे!”

फादर वाकून आत आले. “भागवत, कसा आहेस?”

“बरा आहे, फादर. हळू बोला.”

फादर तिथंच जमिनीवर बसले. मग बाकीचे बसले, ओट्यावर, अंगणात, टेम्पोच्या पायरीवर. बाळाच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणून माझ्या दिव्यांची माळ ज्योतीनं काढून टाकली. किती दिवसांनी माता सगळ्यांना नीट दिसली. आणि जपमाळ सुरू झाली, कुजबुजत. ‘नमो मरिये’ ही प्रार्थना एरवी माईकवर शर्यत लावून म्हणतात, ती चाळीस माणसांनी श्वासाइतक्या आवाजात म्हटली. स्वयंपाकघराकडं कुणाचं लक्ष नव्हतं, कारण तिथं काही नव्हतंच.

चार रहस्यं झाली. पाचवं घरच्यांनी म्हणायचं, अशी आमची रीत. सगळे थांबले. मास्तर खाली बघू लागले. आबासाहेबांनी घसा खाकरला, तशी साळूबाईंनी त्यांना कोपर मारलं.

रतनबाईंनी मुलाकडं पाहिलं. त्याच्या दोन्ही हातांत बाळ. चौदा महिने माळ न धरलेला आपला हात त्यांनी ज्योतीपुढं केला. ज्योतीनं स्वतःची माळ त्यात ठेवली. आवाज पहिल्या मण्याला फुटला, दुसऱ्याला चिरकला, तिसऱ्यापासून नीट लागला. मंडळी मागून म्हणत राहिली. बाळ उठलं नाही.

रात्री मी तिथंच राहिले. खोबरेलाची वाटी निघाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला आबासाहेबांकडं पोचवायची पाळी रतनबाईंची. त्या मला उचलून भर रस्त्यानं निघाल्या, सगळ्यांसारख्याच तिरक्या. पाण्याच्या टाकीजवळ एका बाईनं सवयीनं आवाज खाली आणलाच. “भागवत बरा हाय ना?”

रतनबाई थांबल्या. मला दुसऱ्या काखेत घेतलं.

“त्याला काय झालंय? बरा हाय. दुधाच्या फेरीला गेलाय,” त्या म्हणाल्या, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि चालू लागल्या.

आता मी पुन्हा कपाटावर आहे. धूळ बसतेय. यादी अजून झाकणाच्या आत आहे. मास्तरांनी अकरा नंबर रेघेच्या वर पुन्हा लिहिलाय, खाडाखोड दिसते, दिसू दे. माझी उजवी मूठ कुणी बसवेल अशी आशा मी सोडली आहे. तुमच्याकडं एवढंच मागणं आहे: माझ्यावर दिवे लावू नका, दाराला बुक्क्या मारू नका, आणि कुणाची दया येऊन त्याचं घर ओलांडावंसं वाटलं, तर मला आधी त्याच्या ओट्यावर दोन मिनिटं टेकवा. जड आहे मी. सांगायला कारण होईल.